छातीवरचं नाव : कुणाचं दिसावं, किती दिसावं?

आपल्या वस्त्यांतली पोरं-पोरी आता विमानतळावर कामाला जातात. मुंबईत कुर्ला, अंधेरी, मरोळच्या वस्त्यांतून लोडर, ट्रॉली ओढणारे, सफाईवाले आधीपासून जात होतेच. आता बारावीनंतर एखादा कोर्स करून काउंटरवर उभ्या राहणाऱ्या, विमानात सेवा देणाऱ्या मुलीही दिसतात. नागपूरच्या विमानतळाला तर बाबासाहेबांचंच नाव आहे. मुलगी पहिल्यांदा युनिफॉर्म घालून निघते तेव्हा अख्खी गल्ली दारात येऊन बघते. तिच्या गळ्यात पास असतो आणि छातीवर नावाची पट्टी. आई-बाप त्या पट्टीकडे बघून हरखतात. कित्येक पिढ्या ज्यांना कुणी नावानं हाक मारली नाही, त्यांच्या लेकीचं नाव छापून छातीवर लागलं, याचा आनंद होणारच.

आरोग्याच्या पानावर ही गोष्ट कशाला, असं कुणी विचारेल. आम्ही नर्सिंगच्या कामात वर्षं काढली. वॉर्डात आमच्याही छातीवर नाव होतं. आता वस्त्यांतून आरोग्याचं काम करताना विमानतळावर, मॉलमध्ये, दवाखान्यात काम करणाऱ्या मुली आमच्याकडे येतात. तक्रार झोपेची असते, पित्ताची असते, छातीत धडधडण्याची असते. थोडं बोलतं केलं की कळतं, कुणा प्रवाशानं पट्टीवरचं नाव वाचलं आणि रात्री मोबाइलवर मेसेज टाकला. किंवा आडनाव वाचून कुणी विचारलं, "तुम्ही म्हणजे कोण?" दुसऱ्या बाजूला, दवाखान्यात आपला माणूस दगावतो आणि घरच्यांना विचारलं, कुठल्या डॉक्टरनं बघितलं, तर सांगता येत नाही. नाव दिसण्याचा त्रासही आहे आणि नाव न दिसण्याचाही. म्हणून हा विषय.

पास वेगळा, पट्टी वेगळी

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. विमानतळावरच्या कामगाराजवळ बहुधा दोन ओळखी असतात.

पहिला असतो प्रवेश पास. तो नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो या केंद्र सरकारच्या खात्याच्या नियमांखाली दिला जातो. हे खातं १९७८ साली लहान विभाग म्हणून सुरू झालं आणि जून १९८५ मध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बस्फोटात पडल्यानंतर, १९८७ साली स्वतंत्र करण्यात आलं. पासवर फोटो, नाव आणि त्या माणसाला कुठल्या भागात जाता येतं याच्या खुणा असतात. आत असेपर्यंत तो दिसेल असा लावावा लागतो. पोलिस चौकशी झाल्याशिवाय तो मिळत नाही.

हा कडकपणा उगाच नाही. अमेरिकेत ७ डिसेंबर १९८७ रोजी लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान पडलं आणि त्यातले सगळे ४३ जण गेले. चौकशीत निघालं की कामावरून काढून टाकलेल्या एका विमान कर्मचाऱ्याकडे त्याचं ओळखपत्र तसंच राहिलं होतं. ते दाखवून तो तपासणी चुकवून पिस्तुलासकट आत गेला. त्यानंतर तिथे नियम आला की नोकरी सुटली की ओळखपत्र ताबडतोब काढून घ्यायचं आणि कर्मचाऱ्यांनाही तपासणीतून जावं लागेल. म्हणून आपल्या मुलांना सांगणं आहे : पास कुणाला वापरायला देऊ नका, हरवला तर त्याच दिवशी लेखी कळवा, नोकरी सोडताना तो परत केल्याची पोच घ्या. मित्राला एका दिवसासाठी पास दिला, एवढ्यावरून नोकरी जाते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

दुसरी असते नावाची पट्टी. ती कंपनी देते आणि ती प्रवाशासाठी असते. सेवा कुणी दिली हे त्याला कळावं, कौतुक करायचं तर नाव घेता यावं, तक्रार करायची तर नाव लिहिता यावं, हा तिचा हेतू. काही ठिकाणी पट्टीवर फक्त पहिलं नाव असतं, काही ठिकाणी आडनावासकट पूर्ण नाव.

पासवर पूर्ण नाव हवं यात वाद नाही, तो सुरक्षेचा भाग आहे. प्रश्न पट्टीचा आहे. प्रवाशाला किती नाव दिसायला हवं?

एका बाजूचं नाव

विमानात प्रवासी मुलीला नावानं हाक मारतो. तिला मात्र त्याला 'सर' म्हणावं लागतं. तो चिडला तरी तिनं हसायचं. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी डेल्टा या विमान कंपनीच्या हवाई सेविकांचं काम जवळून पाहिलं आणि १९८३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की या मुली हातापायांचे कष्ट करतातच, शिवाय मनाचेही कष्ट करतात. आत राग असताना बाहेर हसू ठेवणं हे सुद्धा श्रम आहेत आणि त्याच श्रमांचा पगार कंपनी देते. पण त्याची झीज कुणी मोजत नाही.

नर्सिंग करणाऱ्या कुणालाही हे पटेल. रात्रपाळीत एका बेडवर माणूस गेलेला असतो आणि शेजारच्या बेडवर हसून गोळी द्यायची असते. ही झीज शरीरावर उतरते. झोप मोडते, मान-खांदे धरतात, जेवण जात नाही किंवा उगाच खाल्लं जातं, पाळी मागेपुढे होते, रक्तदाब चढतो. त्यात आपलं नाव अनोळखी माणसाच्या हातात आहे ही भीती मिसळली की मन सतत जागं राहतं. घरी आलं तरी ड्युटी संपत नाही.

आता मोबाइलनं यात भर घातली आहे. पूर्वी प्रवासी नाव वाचून विसरून जायचा. आज पहिलं नाव, आडनाव आणि कंपनी एवढं मिळालं की सोशल मीडियावर माणूस सापडतो. छातीचा फोटो काढून जगभर पाठवता येतो. जुलै २०२४ मध्ये डेल्टाच्याच दोन कर्मचाऱ्यांचे फोटो कुणीतरी काढून टाकले. त्यांच्या गणवेशावर पॅलेस्टाइनच्या झेंड्याचे छोटे बिल्ले होते. त्यावरून इतका गदारोळ झाला की कंपनीला आपल्याच खात्यावरून गेलेल्या उत्तराबद्दल माफी मागावी लागली आणि त्याच महिन्यात बिल्ल्यांचे नियम बदलावे लागले. कोण बरोबर, कोण चूक, हा इथला मुद्दा नाही. छातीवर जे लागतं ते आता एका विमानापुरतं राहत नाही, हे लक्षात घ्यायचं.

आडनावाचं ओझं

आपल्या देशात आडनाव हे नुसतं आडनाव नसतं. महाराष्ट्रात आडनाव ऐकलं की पुढचा माणूस मनात जात शोधायला लागतो. नाही सापडली तर विचारतो, "मूळ गाव कुठलं?"

हा आपल्या मनाचा खेळ नाही, याचा अभ्यास झालेला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले होते. शिक्षण सारखं, फरक फक्त नावाचा. एक नाव उच्चजातीय हिंदू वाटणारं, एक दलित वाटणारं, एक मुस्लिम. निकाल असा आला की उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला एक तृतीयांश होती. माणूस समोर आलेलाही नव्हता. कागदावरचं नाव पुरेसं झालं.

कागदावर असं होत असेल तर छातीवर दिवसभर आडनाव लावून दोनशे माणसांसमोर उभं राहणाऱ्या मुलीचं काय होत असेल? सगळे प्रवासी वाईट नसतात. पण त्यांतला एक जरी आडनाव वाचून तिच्या हातचं पाणी घेताना थबकला, तरी तिला ते कळतं. तोंडानं काही न बोलताही अपमान होतो आणि त्याची तक्रार कुठे लिहायची हेही समजत नाही.

यावर आपल्यातच दोन मतं आहेत. एक मत म्हणतं, लपवायचं कशाला? आडनाव छातीठोकपणे लावा, बाबासाहेबांनी ताठ मान दिली ती कशासाठी? दुसरं मत म्हणतं, पोरीला आठ तास शांतपणे काम करू द्या, लढाईचं ठिकाण आपण निवडू. आम्हाला दोन्ही मतं मनापासून आलेली वाटतात. म्हणून आमचं म्हणणं एवढंच की आडनाव लावायचं की नाही, हे त्या पट्टीखालच्या माणसानं ठरवावं. अभिमानानं लावणाऱ्याला कुणी अडवू नये आणि न लावणाऱ्याला कुणी भित्रा म्हणू नये. कंपनीनं मात्र सक्ती करू नये.

आडनावाशिवाय काम अडतं का? तमिळनाडूकडे बघा. पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीनं १९२९ साली चेंगलपट्टूच्या परिषदेत नावामागची जातीची बिरुदं टाकून देण्याचा ठराव केला. आज तिथे बहुतेक माणसं आपलं नाव आणि त्याला वडिलांच्या नावाचं आद्याक्षर एवढंच लावतात. तिथली जात संपली असं नाही. पण नुसतं नाव वाचून जात कळण्याची सोय पुष्कळ कमी झाली. दवाखाने, बँका, विमानतळ सगळं तिथेही व्यवस्थित चालतं. आपल्या राज्यातही डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. वस्तीच्या पाटीवरून जात पुसायची, तर माणसाच्या छातीवर ती सक्तीनं कशाला लावायची?

आता दवाखान्यात या

इथे मात्र गोष्ट उलटी होते. दवाखान्यात आपण प्रवाशाच्या जागी असतो, आणि समोरच्याचं नाव कळणं आपल्या जिवाचा प्रश्न असतो.

सरकारी दवाखान्यात काय दिसतं? पांढरा कोट घालून कुणीतरी येतं, पोट दाबून बघतं, केसपेपरवर न वाचता येणारं काहीतरी लिहितं आणि जातं. तो मोठा डॉक्टर होता, शिकाऊ होता की टेक्निशियन, हे रुग्णाला कळत नाही. आपली आई विचारायला घाबरते. खासगी नर्सिंग होममध्ये पांढरा ड्रेस घातलेली प्रत्येक मुलगी 'सिस्टर' असते. त्यातली कितीजणी नोंदणी झालेल्या परिचारिका आहेत, हे पट्टी नसेल तर कसं कळणार?

इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर नावाच्या एक डॉक्टर होत्या. त्यांना स्वतःला कॅन्सर झाला. २०१३ साली दवाखान्यात भरती असताना त्यांच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे कर्मचारी आपलं नावसुद्धा सांगत नाहीत. त्यांनी मोहीम सुरू केली : रुग्णाजवळ गेलात की आधी 'नमस्कार, माझं नाव अमुक' असं म्हणा. त्या २०१६ साली गेल्या, पण मोहीम अनेक देशांत पोचली. साधी गोष्ट आहे, पैसा लागत नाही. नाव सांगणारा माणूस रुग्णाला माणूस मानतो आणि रुग्णही त्याला मग न घाबरता प्रश्न विचारतो.

ही फक्त सौजन्याची बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनसाठी एक तपासणी यादी केली आहे. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, हा तिच्यातला एक मुद्दा. विमान उडवण्याआधी यादी वाचून एकेक गोष्ट तपासायची ही पद्धत वैमानिकांकडची. आठ देशांतल्या आठ शहरांत, त्यात आपली दिल्लीही, ही यादी वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष छापून आले. ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. यादीत एकूण १९ मुद्दे आहेत, त्यामुळे श्रेय एकट्या नावाचं नाही. पण ज्याला आपण नावानं ओळखतो, त्याला 'थांबा, काहीतरी चुकतंय' असं म्हणणं सोपं जातं. धाकट्या सिस्टरला मोठ्या सर्जनला टोकायचं धैर्य लागतं. नाव माहीत असेल तर त्यातला थोडा भार हलका होतो.

२०१७ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या रॉब हॅकेट या भूलतज्ज्ञानं ऑपरेशनच्या टोपीवरच आपलं नाव आणि काम लिहायला सुरुवात केली, कारण मास्क लावल्यावर कोण कोण आहे ते कळत नाही. कोविडमध्ये आपल्याकडेही पीपीई किटवर मार्करनं नावं लिहिलेली आपण पाहिली. त्या भीतीच्या दिवसांत पाठीवर लिहिलेलं एक नाव रुग्णाला किती आधार द्यायचं, हे वॉर्डात उभं राहिलेल्यांना माहीत आहे.

ज्यांना पट्टीच नाही

नावाच्या पट्ट्या वाटताना दवाखान्यात एक उतरंड दिसते. मोठ्या डॉक्टरांचं नाव दारावर पितळी अक्षरात. सिस्टरचं छातीवर. आणि सफाई करणाऱ्या बाईच्या पाठीवर ठेकेदाराच्या कंपनीचं नाव. तिचं स्वतःचं कुठेच नाही. ती 'मावशी', तो 'मामा'. हाक प्रेमाची वाटते, पण दहा वर्षं एका वॉर्डात काम केलेल्या मावशींचं नाव काय, असं डॉक्टरांना विचारून बघा. विमानतळावरही हेच. काउंटरवरच्या मुलीचं नाव ठळक, संडास धुणाऱ्याच्या गळ्यात पास, पण त्याला नावानं हाक कुणी मारत नाही.

हे काम करणारे बहुतेक कोण असतात ते सांगायला नको. आडनावाची सक्ती नको म्हणणारे आम्ही इथे उलट मागणी करतो : सफाई कामगारालाही नावाची पट्टी द्या. सगळ्यांची पट्टी एकाच मापाची, एकाच अक्षराची असू द्या. सुई टोचली, अॅसिड उडालं, बाई घसरून पडली, तर ती कोण, कुठल्या ठेकेदाराची, कुठल्या पाळीची हे नोंदवायला तिचं नाव आणि क्रमांक जाग्यावर हवा. नाव नसलेल्या कामगाराला नुकसानभरपाई मिळवून देताना काय हाल होतात, ते आम्ही जवळून पाहिलं आहे.

कायदा काय सांगतो?

रुग्णाचा हक्क : राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली रुग्ण हक्कांची सनद तयार केली. आपल्यावर उपचार करणारे कोण आहेत, त्यांची व्यावसायिक पात्रता काय, आणि आपल्या उपचारांची मुख्य जबाबदारी कुठल्या डॉक्टरवर आहे, हे जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांतही रुग्ण हक्कांची सनद आली.

डॉक्टरचा नोंदणी क्रमांक : २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पावतीवर द्यायचा असतो. तक्रारीसाठी हा क्रमांक सगळ्यांत पक्का. नावं सारखी असू शकतात, क्रमांक नसतो.

पोलिसांची पट्टी : हे आपल्या वस्तीला फार उपयोगी आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ मध्ये सांगितलं की अटक करणाऱ्या पोलिसानं नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसेल अशी पट्टी लावली पाहिजे. पुढे हे फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचं नाव दिसायलाच हवं.

काम करणाऱ्या बाईची सुरक्षा : कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ठेक्यावरच्या कामगारालाही लागू आहे. तिथे येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून सुरक्षितता देणं आणि तिला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, नाहीतर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत द्यावी. नको असताना पाठलाग करणं, मोबाइलवर सारखे मेसेज करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे गुन्हा आहे.

विमानातला दंगेखोर प्रवासी : नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमांत गैरवर्तनाच्या तीन पायऱ्या केल्या. तोंडी त्रासाला तीन महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावण्याला सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका होईल अशा वागण्याला दोन वर्षं किंवा जास्त प्रवासबंदी. म्हणजे 'गिऱ्हाईक आहे, सहन कर' असं सुपरवायझरनं म्हणणं नियमाला धरून नाही.

जातीवरून शिवी : लोकांसमक्ष जातीवरून अपमान केला, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ आहे. १९९० पासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही अनुसूचित जातींचा दर्जा आहे, म्हणून जातीचा दाखला तयार ठेवा. दाखला हाताशी नसला तर पुढचं काम अडतं.

दवाखान्यात जाताना

वही आणि पेन बरोबर न्या. तपासायला आलेल्याला नम्रपणे विचारा, "साहेब, आपलं नाव काय? आपण कुठल्या विभागाचे?" विचारण्यात उद्धटपणा नाही, तो हक्क आहे. नाव, वेळ आणि काय सांगितलं ते लिहून ठेवा.

इंजेक्शन किंवा सलाईन लावण्याआधी आपलं पूर्ण नाव आपणच सांगा. आपल्याकडे एका वॉर्डात दोन-दोन कांबळे, तीन-तीन गायकवाड असतात. बेड नंबरवर विसंबू नका, बेड बदलतात. पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक किंवा जन्मतारीख, अशा दोन खुणा जुळल्या पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेनंही २००७ साली रुग्णसुरक्षेच्या उपायांत रुग्णाची ओळख पक्की करण्यावर भर दिला आहे. मनगटावरचा पट्टा दवाखान्यातून सुटी होईपर्यंत काढू नका.

राग आला तरी डॉक्टर-सिस्टरवर हात उगारू नका, नाव वाचून धमकी देऊ नका. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे. आणि कायद्यापलीकडे, त्या पट्टीखालीही कुणाची तरी लेक असते. कदाचित आपल्याच वस्तीची.

पास आणि पट्टी वापरताना

गळ्यातला दोरीचा पट्टा दिसतो साधा, पण तो घाण धरतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये २००८ साली दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचे पट्टे तपासले, तेव्हा त्यांवर रोग पसरवणारे जंतू सापडले, आणि खिशाला लावायच्या कार्डापेक्षा दोरीच्या पट्ट्यावर जास्त. दवाखान्यात, सफाईत काम करणाऱ्यांनी पट्टा आठवड्याला साबणानं धुवावा, कार्ड रोज पुसावं. बाळाला घेण्याआधी तो काढून ठेवावा, मुलं तो तोंडात घालतात.

लोडर आणि पट्ट्यावर सामान टाकणाऱ्यांनी ओढ बसली की आपोआप सुटेल असा खटका असलेलीच दोरी वापरावी. यंत्रात दोरी अडकली तर गळा आवळतो. नाहीतर दंडावर किंवा खिशाला क्लिपनं पास लावायची परवानगी मागा.

ड्युटी सुटली की पट्टी काढा. ट्रेनमध्ये, रिक्षात ती लावून बसू नका. पासचा फोटो स्टेटसवर टाकू नका, कितीही आनंद झाला तरी. त्यावर नाव, क्रमांक, कामाची जागा सगळं असतं.

त्रास होत असेल तर तारीख, वेळ, फ्लाइट किंवा काउंटर नंबर आणि साक्षीदार लिहून ठेवा. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या. झोप उडाली, रडू येतं, कामावर जावंसं वाटत नाही, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर अंगावर काढू नका. टेली मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या नंबरवर मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तातडीच्या वेळी ११२, स्त्रियांसाठी १८१.

आमचं मागणं

आम्ही ज्या ज्या ठिकाणी बोलतो तिथे एकच सूत्र मांडतो. छातीवर पहिलं नाव, कामाचा हुद्दा आणि क्रमांक. पूर्ण नाव कार्यालयाच्या नोंदीत आणि पासवर. आडनाव लावायचं तर ज्याच्या त्याच्या इच्छेनं. प्रवाशाला तक्रार करायची असेल तर क्रमांक पुरतो. डॉक्टरचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक केसपेपरवर वाचता येईल असा हवाच, कारण तिथे रुग्णाचा जीव आहे. पोलिसाचं नाव दिसायलाच हवं, कारण तिथे आपलं स्वातंत्र्य आहे. आणि सफाई कामगाराच्या छातीवर ठेकेदाराच्या नावाआधी त्याचं नाव हवं.

महिला मंडळांनी हे काम हाती घ्यावं. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास काढा. वस्तीतून विमानतळावर, मॉलमध्ये, दवाखान्यात, सोसायट्यांत कामाला जाणाऱ्या सगळ्यांना बोलवा. कुणाच्या पट्टीवर काय लिहिलं आहे, कुणाला पट्टीच नाही, कुणाला त्यावरून त्रास झाला, हे एका वहीत उतरवा. ज्या कंपनीत चार-पाच जण असतील तिथे सगळ्यांच्या सहीचा एक अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. एकट्या मुलीच्या अर्जाची भीती वाटते, पाच सह्यांची वाटत नाही. जवळच्या सरकारी दवाखान्याच्या अधीक्षकांनाही एक पत्र द्या : सफाई कामगारांसकट सगळ्यांना पट्ट्या लावा आणि रुग्ण हक्कांची सनद मराठीत, ओपीडीच्या दारात, वाचता येईल अशा उंचीवर लावा.

आणि उद्या दवाखान्यात गेलात की फरशी पुसणाऱ्या मावशींना एकदा त्यांचं नाव विचारा.